सांगून जाणारी लाईट

मागच्या महिन्यात एका पेपरात चार ओळींची बातमी आली: ‘वरवट बकालच्या युवतीने बनवले धान्य साठवणुकीचे ॲप.’ फोटो दुसऱ्याच कुणाचा. मी त्या वार्ताहराला फोन लावला. म्हटलं, “अरे बाबा, ती युवती नाही, चौतिशीची बाई आहे. ते ॲप नाही, आणि धान्याचा तर त्यात दाणाही नाही. तू गावात येऊन गेला का?” तर म्हणे, “भाऊ, व्हॉट्सॲपवर आलं होतं.” तेव्हा ठरवलं, हे आपणच लिहायचं. मी लेखक नाही. पण निवेदनं एवढी लिहिली आहेत की तहसील कचेरीतला शिपाई लांबून माझं अक्षर ओळखतो आणि चहाला निघून जातो.

तर ती बाई म्हणजे जयमाला भगवानराव उमाळे. आमच्या गल्लीतली, घरी जयू. आता आमच्या गावात लाईट गेली की घराघरातून एकच आवाज उठतो, “गेलीऽऽ!” आणि आली की “आलीऽऽ!” त्या ‘गेली’त शिवी असते आणि ‘आली’त देव. ह्या एका घरात उलटं. लाईट गेली की जयू टाळी वाजवायची आणि मोठ्यानं म्हणायची, “वा! मस्त गेली.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं टाळकंच सरकलं. ह्या लाईटीसाठी मी उन्हात बसलो, पोलिसांच्या गाडीत बसलो, जेवणाशिवाय बसलो, आणि शेजारची पोरगी म्हणते मस्त गेली? तडक तिच्या दारात गेलो.

“काय वं जयू, काय मस्त आहे त्याच्यात?”

“काका, मले लाईट जायाचाच पगार भेटते.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

जयू शेगावला शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि घरून काम करायची सोय झाली तशी गावी आली ती परत गेलीच नाही. भगवानराव शाळेतून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचतात आणि पेपरावर रागावतात. घर चालवते तिची आई, तानुबाई. स्थळं येतात. विचारतात, पोरगी काय करते? तानुबाई खरं ते सांगतात, “मशीन सांभाळते.” स्थळं चहा पिऊन जातात.

ते मशीन कंपनीनं पाठवलेलं. लोखंडी कपाट आडवं पाडावं तसं, आणि आवाज असा की बापरे. म्हणून ते मागच्या कुटाराच्या, म्हणजे चाऱ्याच्या, खोलीत ठेवलं, आणि जयू पुढच्या खोलीत बसून त्यावर काम करायची. जनावरं विकल्यापासून ती रिकामीच होती. ते सुरू झालं त्या आठवड्यात गल्लीतल्या बाया गव्हाचे डबे घेऊन दारात. तानुबाई सांगून थकल्या की ही चक्की नाही. एकीनं तरी जाता जाता विचारलंच, “मंग बारीक नाई दळत का जाड नाई दळत?”

ती नेमकं काय करते हे समजायला मला बरेच चहा लागले. जेवढं समजलं तेवढं सांगतो.

संगणकात वस्तू ठेवायच्या दोन जागा. एक मेमरी: झटपट, पण लाईट गेली की कोरी. दुसरी डिस्क: लाईट गेली तरी विसरत नाही, पण सुस्त. आता तिसरी जात निघाली आहे, मेमरीसारखी चपळ आणि डिस्कसारखी न विसरणारी. टिकाऊ मेमरी म्हणा. जयूच्या मशीनमध्ये त्याच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या.

मी म्हटलं, “मग झालं ना. ती विसरतच नाही तर तुझं काम काय?”

“विसरत नाई, पण कुठं काय ठेवलं हे कोण सांगीन? फायली लावून ठेवणारा कारकून लागते ना काका. तो कारकून मी लिहून राह्यली. त्याले फाईलसिस्टीम म्हणतात. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या पार गाभ्यात बसते, कर्नलमध्ये. तिथं चुकलं का सगळं मशीन झोपते.”

“आधीचे कारकून मेले का?”

“ते डिस्कवर शिकलेले. एक अक्षर बदलायचं असलं तरी पुरा गठ्ठा उचलतात अन् पुरा गठ्ठा ठेवतात. इथं एकेक अक्षर जाग्यावर बदलता येते. पण त्यायची सवय जात नाई.”

कारकून आणि सवय म्हटल्यावर विषय माझ्या ओळखीचा झाला.

खरी गोम पुढे आहे. प्रोसेसरला एक खिसा असतो. त्याला म्हटलं हे मेमरीत लिही, तर तो लिहितो खिशात आणि सांगतो ‘ठेवलं’. मेमरीत नंतर टाकतो, सवडीनं, स्वतःच्या मर्जीच्या क्रमानं. तेवढ्यात लाईट गेली की खिशातलं सगळं हवेत.

मी उडालोच. “अवं, हा तर आपला आवक-जावकचा बाबू!”

तो बाबू निवेदन घेतो, म्हणतो ‘दिलं समजा भाऊ’, आणि कागद खिशात. म्हणून मी टेबलासमोरून हलत नाही. आधी कागद ट्रेमध्ये टाक, माझ्या डोळ्यांसमोर. मग शिक्का. मग आवक क्रमांक. क्रमांक आधी पडला आणि कागद खिशातच राहिला, तर उद्या मी क्रमांक दाखवत फिरणार आणि कागद कुठंच नाही. त्यापेक्षा कागद आहे आणि क्रमांक नाही हे परवडलं. निदान कुणी फसत तरी नाही.

जयू म्हणाली, “हाव काका. हेच. खिसा रिकामा कर, झाला का ते पाह्य, मंगच क्रमांक टाक. अर्धं तुमाले समजलं.”

“अन् उरलेलं अर्धं?”

“लाईट आल्यावरचं. मधातच राह्यलेलं काम कारकुनानं उठल्या उठल्या निस्तरायचं असते.”

मी म्हटलं, ते सोपं असेल. पुढचा सगळा घोळ त्या उरलेल्या अर्ध्यानंच केला.

तिनं त्या फाईलसिस्टीमचं नाव ठेवलं कणगी. त्या वार्ताहराचं धान्य इथून आलं.

आता कणगी त्या गाभ्यात घालायची म्हणजे काय करायचं? तो गाभा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणा एकाचा नाही. कुणाच्या पाया पडायचं नाही, वशिला नाही. कोड लिहायचा आणि ईमेलवर साऱ्या जगासमोर ठेवायचा. मग जगातले जाणकार साऱ्या जगासमोर त्याची सालटी काढतात. मी म्हटलं, ही तर जनसुनावणी! मला त्या लोकांबद्दल आदरच वाटला. आमच्याकडे जनसुनावणीत चहा पाजून सह्या घेतात. तिथं चहासुद्धा नाही, नुसती सालटी.

कणगीच्या आडवा आला तिकडे नॉर्वेकडचा एक दाढीवाला. त्याच्या होकाराशिवाय तिकडचं पान हलत नाही. त्यानं कणगी दोनदा परतवून लावली. म्हणणं असं की तुझ्या सगळ्या चाचण्या लुटुपुटूच्या. संगणकालाच सांगतेस की समज लाईट गेली. खरी लाईट जाताना कुणी पाहिली?

ही गोष्ट त्यानं आमच्या जिल्ह्यातल्या बाईला विचारावी! जयूनं त्याच दुपारी उत्तर ठोकलं: माझ्या गावात खरी लाईट खरोखर जाते. दोन वर्षं कणगी ह्या लाईटीत उभी आहे. एक फाईल हरवली नाही.

दाढीवाल्याचं उत्तर आलं: व्हिडिओवर दाखव, माझ्यासमोर, न सांगता जाणारी लाईट. टिकली तर घेतो. नाही टिकली तर पुन्हा विचारायचं नाही.

आणि तिच्या कंपनीनंही कळवलं की यावेळी झालं तर झालं, नाही तर मशीन बंगळूरला परत, आणि जयूही बंगळूरला, लोक कोणत्या जाहिरातीवर बोट ठेवतात ते मोजायला. जयू मला म्हणाली, “काका, कणगी गेली तं मी नुसती बोटं मोजीन हो.” हसत म्हणाली, पण तोंड उतरलेलं होतं.

मी म्हटलं, “कायची भीती? दोन वर्षं टिकली ना?”

इथं एक गोष्ट सांगतो. आमच्या गावात लाईट जाते, पण सांगून जाते. ही माझ्या उपोषणाची कमाई आहे, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. पूर्वी अचानक जायची. मोटारी जळायच्या, फ्रीज जळायचे. मी सबस्टेशनसमोर बसलो आणि पूर्वसूचनेचं लेखी घेऊन उठलो. तेव्हापासून आमचा वायरमन हरिओम गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकतो: ‘लाईट जाऊन राह्यली. मोटर, मिक्सर, टीव्ही बंद करा.’ मग तो थांबतो. लोक अंगठे पाठवतात. कुणी लिहितं, ‘थांब बाप्पा, चटणी वाटून राह्यली’, तर तो चटणी होईस्तोवर थांबतो. असा वायरमन कुठं आहे ते मला दाखवा. जयूला मात्र ह्यातलं काही कळायचं नाही, कारण तिनं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलेला. का, तर म्हणे काकांचे मेसेज फार असतात. असतात. लोकांना जागं करायचं म्हणजे दोन ओळींत होतं काय?

व्हिडिओवरच्या ह्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात हरिओम मेहुणीच्या लग्नाला पिंपळगाव राजाला गेला. बदलीवर आलेला वायरमन गावाचा नव्हता, ग्रुपमध्ये नव्हता. भर दुपारी लाईट गेली. सांगितल्याशिवाय! गाव “गेलीऽऽ” म्हणायचंच विसरलं. लोक माझ्या दारात असे आले जशी काही चोरी झाली. “भाऊ, सांगतलं नाई! एक मेसेज नाई!” मी चपला घालतो तोच लाईट आली. चहा उकळेल एवढा वेळ थांबली आणि पुन्हा गेली.

शेजारून पहिल्यांदा “मस्त गेली” आलं होतं. दुसऱ्यांदा नुसतं “गेली”. मग लाईट परत आली. थोड्या वेळानं जयू स्वतःच बाहेर आली. तोंड पांढरंफटक.

“काका, कणगी फुटली.”

आत जाऊन पाहतो तर पडद्यावर नुसता काला. ह्या फायलीचं डोकं, त्या फायलीचं पोट. क्रमांक आहेत, कागद नाहीत. मी अशा वेळी चौकशी लावतो, सवय आहे. म्हटलं, “दोन वर्षं टिकली अन् आज फुटली. आज वेगळं काय झालं?”

तानुबाई चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “आज तं मले बंद करायले टाइमच नाई भेटला.”

जयूनं कप घेतला, आणि मग हळूच खाली ठेवला.

“काय बंद करायले, आई?”

“मशीन. हरिओमचा मेसेज आला का मी जाते ना कुटाराच्या खोलीत. तूनंच दाखोलं होतं, तू शेगावले गेली होती तवा. समोरचं बटन हळूच दाबजो, हिरवा दिवा विझला का समजजो झोपलं. लाईट आली का ते आपसूक उठते.”

“मी एका दिवसासाठी सांगतलं होतं!”

“मंग एक दिवस बंद केलं तं चालते अन् रोज केलं तं नाई चालत का?”

“रोज? आई, दोन वर्षं रोज?”

“मंग! एवढं महागाचं मशीन. घरात सगळ्याले इन्व्हर्टर, अन् त्याले एकट्याले तू उघड्यावर टाकलं. फ्रीज जळला तवापासून मी रिस्क घेत नाई बाप्पा. हरिओमलेही सांगून ठेवलं, माहा अंगठा आल्याबिगर लाईट काढजो नको.”

मला हसू दाबता येईना. दोन वर्षं हिची कणगी लाईट जाण्याआधी आईच्या हातानं मऊ निजवलेली. लाईट गेली ती झोपलेल्या मशीनवरून. आणि गंमत म्हणजे मशीन दरवेळी इमानदारीनं लिहून ठेवत होतं की मला नीट बंद केलं होतं. पण जयूनं वाचला तो शेवटचा शब्द: ‘ठीक’. शिकलेला माणूस निकाल पाहतो, पेपर कोण वाचतो?

जयू कुटाराच्या खोलीत एका पोत्यावर जाऊन बसली. मला वाटलं रडते. ती म्हणाली, “काका, दोन वर्षं मी आईची परीक्षा घेतली. आई पास झाली.”

तानुबाई म्हणाल्या, “मंग तोंड पाडून काऊन बसली?”

दोन दिवस जयू खोलीतून निघाली नाही. मग चूक सापडली. लाईट आली तेव्हा कणगी उठून अर्धवट कामं निस्तरायला बसली, बरोबरच होतं. पण निस्तरता निस्तरता पुन्हा लाईट गेली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा तिनं निस्तरणं पहिल्यापासून सुरू केलं. जे करून झालं होतं तेही परत केलं. तिथं काला झाला.

मी म्हटलं, दोनदा केलं तर बिघडतं कुठं? तेव्हा जयू म्हणाली, “काका, फरशी दोनदा पुसली तं फरशीच राह्यते. भाजीत मीठ दोनदा घातलं तं भाजी जाते. कणगी मीठ घालून राह्यली होती. तिले फरशी पुसायले शिकवून राह्यली मी. कितीकही वेळा उठली अन् पुसलं, तरी एकदाच पुसल्यासारखं दिसलं पाह्यजे.”

तिनं ते शिकवलं. लुटुपुटूच्या चाचण्यांत जमलं. स्वतः मशीनचा खटका ओढून पाहिलं, जमलं. पण आपलाच हात, आपल्यालाच माहीत. आणि एकदा आईनं फसवल्यावर तिचा स्वतःवरही भरोसा उरला नव्हता. तिला पाहिजे होती न सांगता जाणारी लाईट, आणि ती आमच्या गावात मिळेना. हरिओम लग्नाहून परत आलेला. त्याला म्हटलं, एकदा तरी न सांगता काढ. त्यानं कानाला हात लावले. “भाऊ, तुमीच लिहून घेतलं ना माह्यापासून. गावानं मले मारावं का?”

मी निवेदन घेऊन सबस्टेशनला गेलो. तिथले साहेब नवे, तरुण, पुण्याकडचे. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसला.

“भाऊ, तुम्ही लिहिलंय की लाईट अचानक घालवा.”

“हो.”

“वारंवार.”

“हो. आणि अजिबात न कळवता.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. “हे नवीन प्रकारचं आंदोलन आहे का? बाहेर कॅमेरावाले आहेत का?”

“साहेब, एका फाईलसिस्टीमसाठी आहे.”

“हे बघा, न कळवता वीज घालवता येत नाही. तुमच्याच उपोषणाचं पत्र आहे फाईलला. मी दिलगीर आहे.” आणि त्यांनी मला माझंच पत्र काढून दाखवलं, शिक्का, आवक क्रमांक, सगळं जागेवर. आयुष्यात पहिल्यांदा मला सरकारी कार्यालयात माझा कागद सापडला, तो असा. मी रागानं दोन शब्द बोललो, पण कुणावर रागवावं हेच कळेना, म्हणून पंख्यावर रागावून आलो. तो करकरत होता.

शेवटी ठरलं असं: भिंतीवर मशीनचा वेगळा खटका आहे, मोठा, लाल दांडीचा. सुनावणीच्या वेळी तो मी ओढायचा, मनात येईल तेव्हा, कुणाला न सांगता. दाढीवाल्यानं हे मान्य केलं.

सुनावणी दुपारची. जयूनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, त्यातून खोली, मशीन, त्याचा पडदा आणि खटका दिसेल असा. मोबाईलवर दाढीवाला, नुसती दाढी आणि वर चष्मा. तानुबाईंना जयूनं दारात बसवलं, पुढ्यात तुरीचं सूप दिलं आणि बजावलं, “आई, तू नुसती तूर निवड. उठजो नको.”

मशीन घरघरत होतं. कणगी भराभर लिहीत होती. मी खटक्याशेजारी उभा. आता एक अडचण होती, ती मला तिथं उभं राहिल्यावर कळली. मी जन्मात कोणतंही काम इशारा दिल्याशिवाय केलेलं नाही. रास्ता रोको असो, टाळं ठोकणं असो, आधी इशारा, मग घोषणा, मग कृती. हात खटक्याकडे गेला आणि तोंडातून आपसूक निघालं, “वीज आमच्या हक्काची—”

“थांबा, थांबा!” तानुबाई सूप टाकून उडाल्या, माझ्या आधी मशीनपाशी, आणि बटन दाबलं. हिरवा दिवा विझला. मग मी खटका ओढला. तूर खोलीभर.

दाढीवाल्यानं काहीतरी विचारलं. जयू म्हणाली, “तो विचारते, ह्या बाई कोण, अन् त्यायनं मशीन काऊन निजवलं?”

“सांग त्याले, माय हाय म्हणा,” तानुबाई म्हणाल्या.

मशीन परत उठवलं. तानुबाईंना आणखी लांब बसवलं. ह्यावेळी मी तोंड घट्ट मिटलं. मनातल्या मनात घोषणा दिली. पण मनात घोषणा दिली की घसा खवखवतो. मी खोकलो आणि ओढला. तानुबाई अर्ध्या उठल्याच होत्या, पण पोचल्या नाहीत. कणगी उठली, ठीक होती. दाढीवाल्यानं मान हलवली: हा माणूस आधी खोकला. ही सूचना झाली. हे धरायचं नाही.

“खोकल्याचीही सूचना धरते का तो?” माझा पारा चढला. “विचार त्याला, नॉर्वेत माणसं खोकत नाहीत का!”

जयूनं काय विचारलं माहीत नाही. दाढीवाल्याचा आवाज वाढला. तो बोलत गेला, हात हलवत गेला. जयूचं तोंड उतरत गेलं. मला एवढंच कळलं की तो म्हणतोय वेळ वाया चालला, सांगून गेलेली लाईट ही लाईट नाही, आणि आता बस्स. जयू नुसती “सर, सर” म्हणत होती.

तानुबाईंना इंग्रजी येत नाही. पण पोरीशी कोण कोणत्या आवाजात बोलतं हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? त्या तूर झटकत उठल्या, पदर खोचला.

“हा बोकड्या माह्या पोरीवर कायले ओरडून राह्यला? बंद कर त्याले!”

“आई, तो—”

खटाक! लाल दांडी खाली. मशीन मेलं. खोलीत एकदम शांतता. आणि त्या शांततेत दाढीवाला बोलतोच आहे, कारण तो मोबाईलवर, मोबाईलला बॅटरी.

तानुबाई चक्रावल्या. “हा काऊन विझला नाई?”

त्यांनी दांडी वर केली. मशीन घरघरत उठायला लागलं. दाढीवाला आता गप्प झालेला, डोळे मोठे करून मशीनकडे पाहत होता. तानुबाई त्याच्याकडे बोट दाखवत बोलायला लागल्या. पोरगी दोन वर्षं जेवण विसरून बसते, तुले काय माहीत. तुह्या मायनं तुले बोलायची पद्धत शिकवली नाई का. दाढी वाढवली म्हणजे माणूस मोठा होते काय. तोवर चहा उकळण्याएवढा वेळ झाला. मशीन उठलं, कणगी जागी झाली, मधली कामं निस्तरायला बसली. दाढीवाल्याला ते दिसलं. त्याच्या तोंडून निघालं, “ओके—”

खटाक!

“पाह्य, परत बोलते!”

मी पुढे झालो, तर जयूनं माझा दंड धरला. डोळे लकाकत होते. “काका, थांबवू नका. अजिबात नका थांबवू.”

दांडी वर. परत घरघर. दाढीवाला श्वास रोखून. तानुबाई दांडीवर हात ठेवून त्याच्यावर नजर रोखून. कणगी पुन्हा उठली, पुन्हा निस्तरायला बसली. दाढीवाला काही बोलला नाही. फक्त जरा हसला.

“हसते अजून!” खटाक!

आता दाढीवाल्याला समजलं. दांडी वर गेली तसं त्यानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला, शाळेतल्या पोरासारखा. तानुबाई म्हणाल्या, “हां. आता कसा गप बसला,” आणि खाली बसून तूर गोळा करायला लागल्या.

मशीन उठलं. कणगी निस्तरायला बसली आणि ह्यावेळी निस्तरून मोकळी झाली. शेवटी पडद्यावर आलं, ‘ठीक’. जयूनं त्यावर भरोसा ठेवला नाही. तिनं पडद्यावरच्या नोंदी वर सरकवून पहिल्या ओळीपासून वाचल्या. बंद न करता गेली. निस्तरताना गेली. परत निस्तरताना गेली. एकेक फाईल उघडून पाहिली. डोकं तिथं डोकं, पोट तिथं पोट. मग तिनं टाळी वाजवली आणि ओरडली, “आई! मस्त गेली!”

“कोण गेलं?” तानुबाई दचकल्या.

दाढीवाल्यानं बोट ओठांवरून काढण्याआधी परवानगी मागितली. हातानं, तानुबाईंकडे पाहून. मग तो लांबलचक बोलला, आणि जयूनं हसू आवरत त्यातलं एवढं सांगितलं: कणगी घेतली. अशी चाचणी त्यानं आयुष्यात पाहिली नाही. आणि त्या बाईंचं पूर्ण नाव काय?

कारण तिकडे पद्धत आहे. गाभ्यात काही गेलं की ते कुणी लिहिलं त्याखाली कुणी तपासलं तेही लिहितात. आज जगात कुठंही कुणी कणगी उघडून पाहिली तर तिथं आहे: लिहिलं, जयमाला उमाळे. तपासलं, तानुबाई उमाळे. भगवानरावांनी पेपर बाजूला ठेवून ते स्वतः वाचलं आणि त्यावर रागावले नाहीत. माझं नाव नाही. मी खोकलो होतो.

तानुबाईंना मात्र ते पटलेलं नाही. “माह्यं नाव कायले टाकलं त्यानं? मी तं त्याले बंद करून राह्यली होती.”

मशीन इथंच राहिलं, जयूही. परवा मी तिच्याकडे बसलो होतो. ग्रुपवर हरिओमचा मेसेज आला, लाईट जाऊन राह्यली. तानुबाई हात पुसत कुटाराच्या खोलीकडे निघाल्या. जयू दारात आडवी झाली.

“आई, नाई. बटन नाई दाबायचं.”

“नाई दाबत.”

“शपथ?”

“शपथ. पण त्याले सांगून तं येऊ दे.”

जयू बाजूला झाली. तानुबाई आत गेल्या, मशीनवर हात ठेवला, म्हणाल्या, “लाईट जाऊन राह्यली बाप्पा. सांभाळून राह्यजो.” बाहेर येऊन त्यांनी हरिओमला अंगठा पाठवला, आणि लाईट गेली.